ऐकू आलं तरच

सकाळी यंत्र तपासायला म्हणून ती आवाजबंद खोलीत जाऊन बसली, दार ओढून घेतलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण हातात धरलं. रोजचंच काम. कानाच्या तपासणीला पेशंट यायच्या आधी एकीनं आत बसायचं, दुसरीनं बाहेरच्या टेबलावरून बारीक बारीक आवाज सोडायचे, आतलीनं ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलं की बाहेर यंत्रावर हिरवा दिवा लागतो. आतलीचे कान धड आहेत हे माहीतच असतं, तेव्हा काही चुकलं तर यंत्र चुकलं असं समजायचं. पहिला आवाज उजव्या कानात आला, अगदी लांबून. तिनं दाबलं. मग जरा जाड, मग पुन्हा बारीक. ती दाबत गेली. डाव्या कानातही आले. चाळिशी उलटली तरी आपले कान अजून शाळकरी पोरीचे आहेत, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात दार उघडून सिस्टर आत डोकावली. ही पूर्वी वॉर्डात नर्स होती, म्हणून इथे मदतनीस झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणतात. ‘मॅडम, कशावर दाबताय?’ ती म्हणाली. ‘हेडफोनची वायर अजून लावलीच नाहीये मी. काल पुसायला काढली होती, ती इथे टेबलावर पडलीय. आणि दिवा आपला लागतोय, लागतोय!’

दोघी हसल्या. ‘बाहेर बोलू नका हं, आपलं दुकान बंद पडेल,’ असं तिनंच सिस्टरला सांगितलं. सिस्टरनं वायर लावली, तिनं पुन्हा बसून सगळं नीट तपासलं. यंत्र ठीक होतं, कान त्याहून ठीक होते. पण या दुसऱ्या खेपेला ऐकताना तिच्या लक्षात आलं, की आत्ताच्या खऱ्या आवाजात आणि मघाच्या आवाजात काही म्हणजे काही फरक नाही. मघाचा पुसट होता आणि हा ठसठशीत, असं असतं तरी चाललं असतं. मघाशी तिला नुसतं वाटलं नव्हतं, तिनं ऐकलं होतं. कोणी शपथेवर विचारलं असतं तर तिनं शपथ घेतली असती. ती बाहेर आली, खुर्चीवर बसली, पहिल्या पेशंटचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि नाव तसंच राहिलं. मग ते? ते तरी खरं कशावरून? ‘ते’ म्हणजे काय, हे तिला स्वतःला समजावून सांगावं लागलं नाही. तिचं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं होतं. सिस्टर म्हणाली, ‘पुकारा ना, मॅडम.’ तिनं पुकारलं.

पहिला पेशंट एक रिटायर्ड ड्रायव्हर होता. बायको बरोबर. तिनं त्याला आत बसवलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘आवाज कितीही बारीक असला तरी दाबा, काका. पण ऐकू आलं तरच.’ सुरुवातीला सगळं छान चाललं. मग तिनं मुद्दाम हात आवरला आणि काहीच सोडलं नाही. ही एक युक्ती असते. हिरवा दिवा लागला. ती थांबली. पुन्हा लागला. असे पेशंट ती ओळखते. त्यांना आवाजांचा ठेका सापडतो, आणि एकदा ठेका सापडला की आवाज असो-नसो, बोट आपलं आपण खाली जातं. म्हणून शिकाऊ मुलींना ती सांगते, कधी लवकर सोडा, कधी खूप उशिरा सोडा, माणसाला अंदाज बांधू देऊ नका. ती उठून आत गेली. ‘काका, ऐकू आलं तरच हं.’ ‘आलं की.’ ‘मी सोडलाच नव्हता.’ त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांचा खिसा तपासला होता. ‘मग मी काय खोटं बोलतोय? मला काय मिळायचंय खोटं बोलून?’ बाहेरून बायको म्हणाली, ‘घरी बोंबलून हाका मारल्या तर ओ देत नाहीत, आणि इथे नसलेलं ऐकू येतंय!’ एरवी ती अशा वेळी हसून वेळ मारून नेते. आज तिला त्या माणसाचा चेहरा बघवेना. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. याला कोणी बाहेरून येऊन सांगेपर्यंत कळणारच नव्हतं, आणि सांगितलं तरी पटणार नव्हतं.

ती शाळेत असताना चर्चच्या मंडळीतल्या मुलांचं शिबिर होतं. सभागृहात लाकडी बाकं, वर दर फेरीला कटकटणारा पंखा, बाहेर उन्हात कोणीतरी भांडी घासत होतं. पाहुण्या प्रचारकांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, प्रभू आज इथे कोणाला तरी हाक मारतो आहे. ज्यानं ऐकली त्यानं उभं राहावं. मग ते गप्प झाले, आणि ते गप्प राहणं फार लांबलं. पुढचं एक बाक करकरलं, कोणीतरी उठलं. थोड्या वेळानं त्याच्या मागचं करकरलं. मग पलीकडचं. मग तिला हाक ऐकू आली. उजव्या कानाच्या जरा मागून, शाळेतल्या नावानं नाही, घरच्या नावानं नाही, तरी निःसंशय तिलाच. ती उठली आणि इतक्या मोठ्यानं रडली, की ताईनं तेव्हापासून तिचं नाव भोंगा ठेवलं. वडील भेटेल त्याला सांगत, आमच्या धाकटीला हाक आलीय. त्यानंतर घरात कोणी आजारी पडलं, कोणाची परीक्षा असली, की तिला पुढे करायची पद्धतच पडली. ती प्रार्थना करायची आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणायचे, वकील केल्यावर अशील निश्चिंत होतो तसे. आणि आज इतक्या वर्षांनी टेबलाशी बसून, यंत्राचे खटके फिरवता फिरवता, ती त्या बाकांची करकर पुन्हा ऐकत होती. करकर. थांब. करकर. थांब. आणि मग तिची पाळी. इतका सोपा ठेका तिनं शिकाऊ मुलीलासुद्धा धरू दिला नसता.

दुपारी डबा उघडला आणि ताईचा फोन आला. ताईच्या आतड्यात गाठ निघाली होती. कसली आहे ते पोट उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ‘उद्या सकाळी नेणार आहेत मला,’ ताई म्हणाली. ‘तू आधी ये. माझ्या डोक्यावर हात ठेव आणि चांगली ठणठणीत प्रार्थना कर. पाळकांना नको बोलावूस, ते लांबवतात. तूच ये. तुझं वर पोचतं.’ ती म्हणाली, ‘येते.’ ताई स्वतः कधी रविवारी चर्चला धड येत नसे. शिवणक्लास आहे, गुडघे दुखतात, काही ना काही असायचं. ‘घरात एक पुरे आहे,’ असं म्हणून ती मोकळी व्हायची, आणि ती एक म्हणजे ही. फोन ठेवल्यावर तिला डबा जाईना. खोट्या माणसानं केलेल्या प्रार्थनेचं काय होत असेल? नुसती वाया जात असेल, की उलट भोवत असेल? आणि भोवायचंच असेल तर कोणाला, तिला की ताईला?

उरलेला दिवस तिनं स्वतःला तपासण्यात घालवला. एक एक पुरावा काढायचा, उजेडात धरायचा. पेशंटशी गोड बोलते, कधी ओरडत नाही. पण त्याचा पगार मिळतो, आणि शेजारच्या खोलीतले नाक-कान-घसा डॉक्टर, ज्यांना देवाचं नाव काढलं तरी हसू येतं, ते तिच्याहून गोड बोलतात. गाणी म्हणताना डोळ्यांत पाणी येतं. पण ते टीव्हीवर हरवलेलं कुत्रं घरी परत आलं तरी येतं. रोज प्रार्थना करते. दातही रोज घासते. पाप केल्यावर वाईट वाटतं, पण पापाचं वाटतं की पकडले जाण्याचं, हे बघायला गेली तर हात आत जाई आणि काहीच लागत नसे. मग वडिलांचं आठवलं. पहिल्यांदा त्यांना ताप चढला, तिनं प्रार्थना केली, ते बरे झाले. सगळे म्हणाले, ऐकलं. दुसऱ्यांदा तिनं रात्रंदिवस प्रार्थना केली आणि ते गेले. तेव्हाही सगळे म्हणाले, ऐकलं, फक्त उत्तर वेगळं आलं. तीही तेच म्हणाली होती, सांत्वनाला आलेल्यांचं उलट सांत्वन करत. माणूस वाचला तर ऐकू येतं, माणूस गेला तरी ऐकू येतं, असं यंत्र कोणी तिला विकायला आणलं असतं तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आणि ते स्वर्गाच्या दाराशी उभे राहिलेले लोक. लहानपणापासून उपासनेत तिनं ऐकलं होतं, की शेवटच्या दिवशी काहीजण येतील आणि म्हणतील, प्रभू, आम्ही तुझ्या नावानं अमुक केलं, तमुक केलं, आणि तो सांगेल, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. तेव्हा ती माणसं तिला लबाड वाटायची. बरं झालं, असं वाटायचं. आज बसस्टॉपवर उभं असताना तिला कळलं की ती लबाड नव्हती. लबाड माणूस त्या दारापर्यंत जाईलच कशाला? ते गेले, कारण त्यांना खात्री होती. चांगले कपडे करून गेले असतील. त्यांचे चेहरे कसे झाले असतील ते तिला अगदी स्पष्ट दिसलं, आणि त्यांच्यात स्वतःला शोधावंही लागलं नाही. बस आली तेव्हा मागच्या बाईनं तिला हळूच ढकललं, म्हणून ती चढली. तिच्या धंद्यात एक सवलत असते. एखादा आवाज निम्म्या वेळा ऐकू आला, तरी तो ऐकू येतो असंच धरतात. तिथे वर अशी सवलत असेल का, हे कोणाला विचारायचं?

तरी ती घरी जायच्या आधी चर्चपाशी उतरली. पाळक मागच्या खोलीत स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होते. ‘आलात? बरं झालं, जरा स्टूल धरा,’ ते म्हणाले. तिनं स्टूल धरलं आणि त्यांच्या पायांना सांगितलं, की मला वाटतं माझा विश्वास खरा नाही. वरून प्रश्न आला. ‘भीती वाटते ना?’ ‘फार.’ ‘मग झालं तर! ज्याचा विश्वासच नाही त्याला कशाला भीती वाटेल? तुमची भीती हाच पुरावा.’ ते इतक्या सहज म्हणाले, की हे त्यांनी याआधी बऱ्याच जणांना सांगितलं असणार आणि बऱ्याच जणांना त्यानं बरं वाटलं असणार. तिलाही वाटावं म्हणून तिनं मनापासून वाट पाहिली. पण तिच्याकडे बहिरं व्हायच्या भीतीनं येणारे धडधाकट लोक असतात, आणि त्याच भीतीनं येणारे खरोखरचे बहिरेही. दोघे सारखेच घाबरलेले असतात. भीतीवरून काही कळत असतं तर यंत्र कशाला लागलं असतं? ‘लागली!’ पाळक वरून म्हणाले. ट्यूब लागली होती. खाली उतरून हात झटकत त्यांनी सांगितलं, ‘उद्या मंडळी तुमच्या ताईंसाठी प्रार्थना करणारच आहे. पण तुमच्या प्रार्थनेची गोष्ट वेगळी.’

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर तपासत बसला होता. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीनं त्याची झोप उडत नाही. ‘अगं, विश्वास म्हणजे काय बीपी आहे का, उठल्यासुटल्या मोजायला?’ तो म्हणाला. ‘तुला कधी भीती नाही वाटत?’ ‘कसली?’ ‘आपला खोटा असेल म्हणून.’ त्यानं पेन खाली ठेवलं. ‘माझा असेलही बुवा. मला कुठे काय ऐकू आलंय? पण तुझा कसा असेल? मी तर रविवारी तुझ्याच भरवशावर येतो. वर गेल्यावर सांगणार, मी हिच्याबरोबर आहे.’ आणि स्वतःच्या विनोदावर तो मनमोकळा हसला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. हाही. ताई, वडील, आता हा. एकमेकांचा पदर धरून सगळे तिच्या मागे उभे होते, आणि तिच्या हातात काय आहे हे कोणी पुढे येऊन बघितलंच नव्हतं. ती एकटी बुडणार नव्हती.

सकाळी ती पोचली तेव्हा भावोजी खाली सह्या करायला गेले होते. ताई खाटेवर बसून हॉस्पिटलचा गाऊन उलटसुलट करून बघत होती. ‘हा कोणी शिवलाय त्याला आधी धरून आणा,’ ती म्हणाली. ‘बंद कुठे, काज कुठे. आलीस का, भोंग्या? चल, उरकून घे. ते न्यायला येतीलच.’ तिची अंगठी काढून घेतली होती, नखांचा रंग पुसून टाकला होता, आणि त्या उघड्या हातांनी ती एकदम म्हातारी दिसत होती. ती ताईजवळ टेकली. डोक्यावर हात ठेवायच्या ऐवजी तिनं विचारलं, ‘ताई, त्या शिबिरात मी उठले ना, तेव्हा तू शेजारीच होतीस.’ ‘हो. मग?’ ‘तुला काही ऐकू आलं होतं?’ ‘मला?’ ताई हसली. ‘मला वाटलं, झालं, ही उठली, आता मलाही उठावं लागणार. बाक घट्ट धरून बसले होते मी.’ मग तिचं हसू गेलं. ‘आज का विचारतेयस?’

सांगू नये, हे तिला कळत होतं. तोंडावर आलेलं परतवायला एक क्षण होता, आणि तो तिनं जाऊ दिला. ‘मी काय ऐकलं ते मला नाही माहीत, ताई,’ ती म्हणाली. ‘काही ऐकलं का, तेही नाही.’ ताईनं गाऊनचा बंद बांधला, पुन्हा सोडला. ‘हे आजच सांगायचं होतं?’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच तिला जास्त लागलं. ‘मला स्वतःचं काही नाही गं. कधीच नव्हतं. मी म्हणायचे, आपल्या घरात एकीनं तरी ऐकलंय, म्हणजे कोणीतरी आहे. तेवढ्यावर पोरं वाढवली मी. तेवढ्यावर इथे आलेय. आता भूल देताना काय धरून जाऊ?’ बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. ताईनं तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. ‘कर काय करायची ती. खोटी तर खोटी. कर.’

‘हे दयाळू पित्या,’ तिनं सुरुवात केली. पुढचे शब्द आपोआप आले, वर्षानुवर्षांचे, घासून गुळगुळीत झालेले, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. ते ऐकताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. ती थांबली. पुन्हा सुरू करायला गेली तर काही येईना. ताईच्या डोक्यावरचे केस पातळ झाले होते, खालची कातडी गरम लागत होती. तिनं घाईघाईनं आत शोधलं. शिबिर नव्हतं, वडिलांचा ताप नव्हता, रडू नव्हतं, पाळकांनी दिलेला पुरावा नव्हता. कालपासून उपसून उपसून तिनं सगळं बाहेर काढलं होतं आणि आत दाखवायला एक वस्तू शिल्लक नव्हती. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीची चाकं जवळ येत होती. आत्ता ही जाईल, आणि मी हिला रिकाम्या हातांनी पाठवतेय, असं तिला वाटलं.

‘मला फार भीती वाटतेय,’ ती म्हणाली.

‘मलाही,’ ताई म्हणाली आणि तिनं तिचं मनगट घट्ट धरलं.

‘तुला नाही म्हणाले मी,’ ती जरा वैतागून म्हणाली, दोघं बोलत असताना मध्येच तिसऱ्यानं ओ द्यावी तसं तिला झालं होतं. मग आपण काय बोललो ते तिच्या कानांवर आलं, आणि ती तशीच तोंड उघडं ठेवून बसली.

ताईनं डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग खोलीभर नजर फिरवली. दोघींखेरीज खोलीत कोणी नव्हतं.

‘मग थांबलीस कशाला?’ ताई हळूच म्हणाली. ‘बोल ना पुढे.’ आणि तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले.